थेंब कोणाला, सुई कोणाला

इथे इंग्लंडात स्विंडनमध्ये शाळेतच नर्स येते आणि मुलांच्या नाकात फ्लूच्या लसीचा फवारा मारून जाते, एवढंच मी घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिहिलं होतं. त्यावर गोव्यातले, फोंड्यापासून डिचोलीपर्यंतचे नातेवाईक एकमेकांवर तुटून पडले. सुईशिवाय लस मिळते तर सगळ्यांना तीच द्या, टोचून घ्यायची हौस कोणाला आहे, असा एक पक्ष. नाकात थेंब टाकून कुठे ताकद येते, हे म्हणजे अंगारा लावण्यापैकीच, असा दुसरा. आणि भारताने करोनाची नाकातली लस कधीच काढून दाखवली, ब्रिटनचं काय एवढं कौतुक, असा तिसरा. या तिसऱ्या पक्षाला आपल्याकडे कधी माणसांची वाण पडत नाही.

तिघेही एकाच गोष्टीवर भांडतायत: थेंब चांगले की सुई. इथे राहून मला हा वादच अपुरा वाटू लागला आहे. नाकातून दिलेली लस शरीरात वेगळ्या ठिकाणी वेगळं संरक्षण उभं करते. ते कोणाच्या उपयोगाचं, हे आधी विचारायला हवं.

दंडात टोचलेली लस काखेतल्या लसिकाग्रंथींपर्यंत पोचते. तिथे बी पेशी तयार होतात आणि त्या मुख्यतः आयजीजी जातीच्या अँटिबॉडी बनवतात. या अँटिबॉडी रक्तात फिरतात, रक्तातून फुप्फुसात बऱ्यापैकी झिरपतात, म्हणूनच आजार न्यूमोनियापर्यंत जायचा धोका कमी होतो. नाकाच्या आतल्या ओल्या अस्तरावर मात्र त्या थोड्याच पोचतात. तिथे राज्य आयजीएचं. जोडीजोडीने बांधलेली ही अँटिबॉडी अस्तराखालच्या पेशी बनवतात, अस्तराच्या पेशी तिला खालून उचलून आरपार नेतात आणि वर शेंबडात सोडतात. विषाणू पेशीला चिकटण्याआधी तिथेच त्याला धरायचं, हे तिचं काम. अ‍ॅडेनॉइड आणि टॉन्सिलच्या आसपास शिकून तयार झालेल्या पेशींच्या अंगावर श्लेष्मल त्वचेकडे, म्हणजे अशा ओल्या अस्तराकडे, परत वळवणाऱ्या खुणा असतात. काखेत शिकलेल्यांच्या अंगावर त्या सहसा नसतात. शिवाय काही स्मृती टी पेशी (आधी भेटलेला विषाणू लक्षात ठेवणाऱ्या) नाकाच्या अस्तरातच मुक्काम ठोकतात आणि रक्तात फिरतच नाहीत. नुसतं रक्त तपासणाऱ्याला त्या दिसणारही नाहीत.

थेंबात दम नसतो म्हणणाऱ्या आमच्या काकांनी पल्स पोलिओच्या रविवारी स्वतःच्या मुलांना बूथवर नेलं होतं, हे मला चांगलं आठवतं. तो दम नेमका याच जातीचा होता. पोलिओचं इंजेक्शन मुलाला लुळेपणापासून वाचवतं, पण विषाणू त्याच्या आतड्यात वाढून पुढे पसरू शकतो. तोंडातले थेंब आतड्यातच आयजीए उभं करतात आणि तो पसरणं रोखतात. भारतातला पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११मधला. २०१५च्या अखेरीपासून थेंबांच्या जोडीला इंजेक्शनही आलं. दोन्ही लागली, कारण दोघांची कामं वेगळी.

पण पहिल्या पक्षानेही लगेच टाळ्या वाजवू नयेत. नाक ही लस द्यायला अवघड जागा आहे. दिवसभर त्यातून धूळ, परागकण, फोडणीचा धूर काय काय आत जातं. प्रत्येक कणावर प्रतिकारशक्ती बिथरली असती तर जगणं कठीण झालं असतं, म्हणून बहुतेक गोष्टींकडे दुर्लक्ष करायची तिला सवय असते. त्यात शेंबूड आणि सूक्ष्म केस आत पडलेलं बरंचसं थोड्याच वेळात घशाकडे ढकलून देतात. मेलेल्या विषाणूचे तुकडे नाकात फवारले तर बहुधा फारसं काहीच घडत नाही. त्यांना जोर यावा म्हणून स्वित्झर्लंडमध्ये २०००-०१च्या हिवाळ्यात फ्लूच्या नाकातल्या लसीत ई. कोलाय जिवाणूच्या विषापासून बनवलेला उत्तेजक घातला होता. काही जणांचा अर्धा चेहरा लुळा पडला, संबंध दिसून आला आणि लस मागे घ्यावी लागली. सुई नाही म्हणजे धोका नाही, असं समजणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी.

इंग्लंडमधल्या शाळांतला फवारा वेगळा आहे. त्यातला विषाणू जिवंत, पण दुबळा केलेला आणि थंडीत वाढायची सवय लावलेला असतो. नाकाच्या गारव्यात तो थोडा वाढतो, फुप्फुसाच्या उबेत वाढू शकत नाही. प्रत्येक नाकपुडीत ०.१ मिलिलिटर, बस्स. तो थोडा वाढला तरच शरीर त्याची दखल घेतं. आता ज्या माणसाने पन्नास-साठ वर्षं तऱ्हेतऱ्हेचा फ्लू पाहिलाय, त्याच्या नाकातल्या जुन्या अँटिबॉडी या दुबळ्या विषाणूला वाढूच देत नाहीत, आणि लस वाया जाते. लहान मुलाचं नाक कोरं असतं, तिथे ती रुजते. म्हणून ब्रिटनमध्ये मुलांना फवारा आणि आजी-आजोबांना इंजेक्शन. ज्यांची प्रतिकारशक्ती फार खालावलेली आहे अशा मुलांनाही हा फवारा देत नाहीत, शेवटी विषाणू जिवंतच.

२०१३मध्ये ही योजना सुरू झाली तेव्हापासून सरकारने एक गोष्ट लपवलेली नाही: मुलांना लस द्यायची ती त्यांच्यासाठी, आणि घरातल्या म्हाताऱ्यांसाठीही. फ्लू मुलंच घरोघरी नेतात. यावर इथेही कुरबुर होते. फवाऱ्यात डुकराचं जिलेटिन असतं, त्यामुळे अनेक मुस्लिम पालक नको म्हणतात. त्यांच्या मुलांना इंजेक्शन मिळतं. आमच्या ग्रुपवर शाकाहाराचे एवढे कैवारी, पण हा प्रश्न कोणाला सुचला नाही.

मला इथलं खरं आवडतं ते मोजणं. २०१५-१६च्या हंगामात अमेरिकेला आढळलं की हा फवारा मुलांमध्ये जेमतेम ३ टक्के परिणामकारक ठरला. त्यांनी पुढचे दोन हंगाम त्याची शिफारस काढून घेतली. ब्रिटनचा आकडा त्याच हंगामात ५८च्या आसपास होता, म्हणून ब्रिटनने तो चालू ठेवला. मग लसीतला एच१एन१चा (स्वाइन फ्लूचा) वाण नाकात नीट वाढत नाही असा संशय बळावला, वाण बदलला, आणि २०१८-१९पासून अमेरिकेनेही फवारा पुन्हा सुरू केला. दोन देश उघडपणे उलट दिशेला गेले, आकडे समोर ठेवून, आणि कोणी कोणाला देशद्रोही म्हटलं नाही.

आता तिसऱ्या पक्षाकडे येतो. भारत बायोटेकची इन्कोव्हॅक ही करोनाची नाकातली लस २६ जानेवारी २०२३ला आली, प्रत्येक नाकपुडीत चार थेंब, खाजगीत ८०० रुपये. हे सोपं काम नव्हतं, अभिमान जरूर वाटावा. (मूळ तंत्र अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठाचं, पण असो, विज्ञानात असंच चालतं.) मंजुरीसाठी रक्तातल्या आणि लाळेतल्या अँटिबॉडी मोजल्या गेल्या. लस घेतलेल्याकडून घरातल्यांना करोना कमी होतो का, हे त्यातून ठरत नाही, आणि नाकातल्या लसीकडून आपली अपेक्षा तर तीच असते. लस आली तोवर बहुतेकांचे डोस झाले होते, घेणारेही थोडेच निघाले, त्यामुळे ते नंतरही कळणं कठीण झालं. ब्रिटनचंही सगळं सोन्याचं नाही: ऑक्सफर्डने आपली करोना लस नाकात फवारून पाहिली, नाकातला प्रतिसाद थोड्याच जणांत दिसला आणि रक्तातला इंजेक्शनपेक्षा कमी पडला. २०२२मध्ये त्यांनी ते छापून मोकळं केलं.

मग गोव्यात मुलांना फ्लूचा फवारा द्यावा का? तर्काने पाहिलं तर इंग्लंडपेक्षा गोव्यात त्याची गरज जास्त वाटते. इथल्या आजी-आजोबांना नातवंडं रविवारी भेटतात. आमच्याकडे चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, मुंबई-पुण्यापासूनची सगळी मुलं एका घरात, माटोळीखाली (गणपतीवर टांगलेल्या फळा-फुलांच्या मांडवीखाली) दाटीवाटीने आरत्या म्हणत, घुमट हे मातीचं वाद्य वाजवत, आणि मध्ये ऐंशीची आजी. हा सणही ऐन पावसात, आणि आपल्या भागात फ्लू पावसाळ्यातच जोर धरतो.

पण इंग्लंडची नक्कल करून भागणार नाही. फवाऱ्याची मुदत काही महिन्यांचीच असते, आणि युरोपातला माल सप्टेंबर-ऑक्टोबरच्या हिशोबाने तयार होतो. गोव्याला तो मेमध्ये हवा, दक्षिण गोलार्धासाठी निवडलेल्या वाणांचा. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने २०१०मध्ये एच१एन१साठी नाकातली जिवंत लस बनवली होती, तेव्हा देशात हे जमणारच नाही असं नव्हे. अडचण वेगळी आहे: फ्लूची लस राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात नाही, खर्च राज्यावर किंवा पालकांवर पडेल, आणि पावसाळ्यात फ्लू कुठल्या वयाच्या मुलांपासून पसरतो हे आधी आकड्यात मांडल्याशिवाय तो खर्च मागायचा तरी कशाच्या जोरावर? त्यासाठी गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज) आणि तालुक्यांतल्या आरोग्य केंद्रांत तापाच्या मुलांच्या नाकातले नमुने घेऊन तपासावे लागतील. तेही जूनपासून, कारण चवथ झाल्यावर घेतलेल्या नमुन्यांवरून सुरुवात कोणापासून झाली ते समजत नाही.