बंड्याची उडी, माझं हाड

आमच्या स्वयंपाकघरातला ओटा ९० सेंटीमीटर उंच आहे. आमचा कुत्रा बंड्या, जात बीगल, खांद्यापाशी उंची ३८ सेंटीमीटर, एके दिवशी दोन ढांगांत त्यावर चढला आणि निवत ठेवलेल्या सहा पुरणपोळ्या तुपासकट संपवून खाली उतरला. बायको म्हणाली, "एवढी रग आहे ना अंगात, मग घाला कुठेतरी शिकायला!"

म्हणून दर शनिवारी, इथे इंग्लंडात, रेडिंगजवळच्या एका कुरणावर आमचा अ‍ॅजिलिटीचा क्लास सुरू झाला, म्हणजे कुत्र्याने दांड्यांवरून उड्या मारत, अडथळे पार करत धावायचं. हा खेळ १९७८ साली लंडनच्या क्रफ्ट्स या कुत्र्यांच्या प्रदर्शनात, दोन कार्यक्रमांच्या मधल्या वेळेत लोकांची करमणूक व्हावी म्हणून सुरू झाला. त्या लोकांत मी नव्हे, हे पहिल्याच दिवशी कळलं.

बंड्याच्या मापाची दांडी ४० सेंटीमीटरवर, म्हणजे ओट्याच्या निम्मीही नाही. बंड्या ऐटीत धावत गेला आणि दांडीखालून पलीकडे निघाला. वर वळून माझ्याकडे असं पाहिलं, की इतकी मोकळी वाट असताना वरून जाण्याचा आग्रह कशाला? खालून गेलं की ५ गुणांचा दंड, दांडी पाडली तरी ५.

मग ट्रेनरबाईंनी उडीचं शास्त्र सांगितलं. आधी पुढचे पाय वेगाला ब्रेक लावून छाती वर उचलतात, मग मागचे दोन्ही पाय पोटाखाली येऊन रेटा देतात, हवेत पाठीची कमान होते आणि उतरताना सगळा भार पुन्हा पुढच्या पायांवर. उडी फार जवळून घेतली तर सरळ वर जावं लागतं आणि तितकंच सरळ खाली आदळावं लागतं. शिवाय कुत्र्याला आपल्यासारखं कॉलरबोन नसतं. पुढचे पाय धडाला हाडाने जोडलेलेच नाहीत. छाती स्नायूंच्या झोळीत तोललेली असते. जन्मजात शॉक अ‍ॅब्सॉर्बर! मी हे सगळं वहीत उतरवलं. बंड्या माझ्या खिशातलं चीज हुंगत होता.

चौथ्या शनिवारी माझा धीर सुटला. म्हटलं, आपणच करून दाखवू. अवघे ४० सेंटीमीटर! धावलो, मागचे दोन्ही पाय एकत्र आणले (होतेच दोन), आणि नेमकी फार जवळून उडी घेतली. गवत ओलं. दांडीसकट उतरलो तो थेट उजव्या खांद्यावर. आपल्याला कॉलरबोन असतं, याचा आवाजी पुरावा मिळाला.

मी आडवा पडलेला असताना बंड्या धावत आला आणि माझ्यावरून स्वच्छ पलीकडे गेला. पाठीची कमान, पाय पोटाशी, केसालाही धक्का नाही. ट्रेनरबाईंनी टाळ्या वाजवल्या. त्याच्यासाठी.

सध्या माझा हात झोळीत आहे. बंड्याची झोळी आतून, माझी बाहेरून. पुरणपोळ्या आता फ्रीजवर ठेवतो. काल बंड्या फ्रीजसमोर उभा होता. एकदा वर बघितलं आणि चार पावलं मागे सरकला.