हॉलमधल्या खुर्च्या कोण लावतं : एका कमेंटला उत्तर

दादा, तुमची कमेंट परवा रात्री वाचली आणि लगेच टाइप करायला बसले होते, पण रागाच्या भरात काहीतरी लिहिलं गेलं असतं म्हणून दोन दिवस थांबले. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मागच्या पोस्टमध्ये मी आमच्या इथल्या, म्हणजे स्कॉटलंडच्या उत्तरेला असलेल्या शेटलंड बेटांवरच्या नॉर्थमेव्हिन पॅरिशच्या (चर्चच्या हद्दीवरून पडलेला गावांचा विभाग) एका हॉलमध्ये झालेल्या फिडलच्या, म्हणजे इथल्या लोकसंगीतातल्या व्हायोलिनच्या, कार्यक्रमाबद्दल लिहिलं होतं. त्यावर दादांचं म्हणणं असं, की साठ-सत्तर माणसं केक खात व्हायोलिन ऐकतात यात एवढं भारावून जाण्यासारखं काय आहे, आमच्या गावच्या सप्ताहात शेवटच्या दिवशी हजारोंची पंगत उठते. शिवाय तिकडे तेलाचा पैसा आहे म्हणून असले हॉल परवडतात, आणि परदेशात गेलं की आपल्या लोकांना तिथलं सगळंच गोड लागतं. शेवटी जाताजाता तुम्ही एक ओळ लिहिलीत की गावात आता पेटी वाजवणारं कोणी उरलं नाही, तालुक्याहून माणूस आणावा लागतो. त्या ओळीकडे मी नंतर येते, कारण मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटली.

तेलाच्या पैशाचं आधी घेते. तिथे तुमचं बरोबर आहे आणि मी ते मागच्या पोस्टमध्येच लिहायला हवं होतं. 1971 मध्ये शेटलंडच्या ईशान्येला समुद्रात ब्रेंट नावाच्या क्षेत्रात तेल सापडलं, 1974 मध्ये इथल्या कौन्सिलने पार्लमेंटमधून स्वतंत्र कायदा करून घेतला आणि त्याच्या जोरावर तेल कंपन्यांशी पैशाची बोलणी केली, 1978 मध्ये सलम व्हो टर्मिनलला तेल यायला लागलं. हे टर्मिनल आमच्या पॅरिशच्या समोरच्याच काठावर आहे. त्या पैशातून ट्रस्ट झाला, पोहण्याचे तलाव झाले, गावोगावच्या हॉलना मदत मिळाली. स्कॉटलंडच्या बाकीच्या खेड्यांना हे नशीब नाही हे शंभर टक्के मान्य.

पण संगीत तेलाच्या आधीचं आहे दादा, आणि मला जे सांगायचं होतं ते तिथेच सुरू होतं. टॉम अँडरसन म्हणून एक गृहस्थ होते, 1910 चा जन्म, गाव एशानेस, म्हणजे आमच्याच पॅरिशच्या पश्चिम टोकाचं. पोटापाण्यासाठी विमा एजंट, पण जीव सगळा फिडलमध्ये. म्हाताऱ्या वादकांकडे जाऊन जाऊन जुन्या सुरावटी गोळा केल्या त्यांनी. 1960 मध्ये न्यूझीलंड वगैरे देशांत गेलेले शेटलंडकर ठरवून भेटीला आले होते, तेव्हा त्यांच्यासाठी चाळीस फिडलवाल्यांचा ताफा उभा राहिला, त्यातही हेच पुढे. तर 1969 च्या जानेवारीत एका रात्री अकरानंतर ते एशानेसहून परत निघाले आणि चढ चढून वर आल्यावर मागे वळून बघितलं. लहानपणी जिथे घराघरात दिवे दिसायचे तिथे आता मोजके राहिले होते, आणि बघता बघता तेही एकेक करून विझायला लागले. त्यांची बायको नुकतीच गेली होती. त्या रात्रीवर त्यांनी जी सुरावट बांधली तिचं नाव ‘डा स्लॉकिट लाइट’, शेटलंडच्या बोलीत विझलेला दिवा. आजही इथे कुणाच्या अंत्यविधीला, कुणाच्या निरोपाला ती वाजते.

तो चढ माझ्या रोजच्या रस्त्यावर आहे. आकडेच सांगायचे तर 1861 मध्ये शेटलंडची लोकसंख्या 31 हजारांच्या वर होती, 1971 मध्ये ती 17 हजारांच्या आसपास आली. म्हणजे त्या माणसाला जे दिसलं ते त्याच्या एकट्याचं दुःख नव्हतं, पॅरिशच्या पॅरिश रिकामी होत होती. मग त्यांनी काय केलं, तर 1970 च्या दशकात शाळांमध्ये जाऊन पोरांना फिडल शिकवायला घेतली. तोवर फिडल घरात चुलीपाशी शिकायची गोष्ट होती, पण घरंच बंद पडायला लागली तर शिकणार कुठे. आज इथे दर दुसऱ्या-तिसऱ्या घरात कोणीतरी वाजवणारं सापडतं त्यामागे हे आहे. अ‍ॅली बेन, ज्या फिडलवादकाचं नाव पुढे जगभर झालं, तेही लहानपणी त्यांच्याकडेच शिकलेले.

आता हॉल. तुम्ही मोजलीत ती साठ-सत्तर माणसं बरोबर आहेत, त्यापेक्षा जास्त येतच नाहीत. पण मी त्या संध्याकाळी ऐकणाऱ्यांत नव्हते, मी किचनमध्ये होते, तेव्हा तिथून काय दिसतं ते सांगते. साडेसातचा कार्यक्रम असला की पाचला कोणीतरी किल्ली घेऊन हीटर लावायला जातं, नाहीतर फिडलच्या तारा सुरात राहत नाहीत. मग खुर्च्या. आमच्याकडच्या खुर्च्या एकावर एक रचलेल्या असतात, प्लास्टिकच्या, जुन्या, आणि त्या लावणारा माणूस सत्तरी ओलांडलेला आहे, मदत केलेली त्याला चालते पण ओळी तोच ठरवतो. बायका घरून केक, स्कोन, सँडविच घेऊन येतात, प्रत्येक डब्याखाली नावाची पट्टी चिकटवलेली, कारण डबा परत जायला पाहिजे. मध्यंतरात चहा, रॅफलची म्हणजे सोडतीची तिकिटं, त्या पैशातून छपराची डागडुजी.

मागच्या नोव्हेंबरात असंच मी कप पुसत होते आणि शेजारी उभी असलेली बाई खिडकीतून हॉलकडे बघत म्हणाली, तिसऱ्या ओळीतला तो आज दिसत नाहीये. एवढंच. पुढची सुरावट सुरू व्हायच्या आत एक मुलगा गाडी काढून निघाला होता, फॉइलमध्ये बांधलेली केकची प्लेट घेऊन. माणूस घरीच होता, पाय मुरगळलेला, फोन चार्ज नव्हता. तो मुलगा अर्धा कार्यक्रम तिथेच बसला आणि येताना प्लेट धुवून घेऊन आला.

किती जण आले हे इथे कोणी विचारत नाही, कोण आलं नाही हे आधी बघितलं जातं. मला भारावून टाकलं ते याने, आणि मागच्या पोस्टमध्ये मी फिडलचं कौतुक करताना हे नीट सांगितलंच नाही, त्यामुळे तुम्हाला ते केक आणि व्हायोलिन वाटलं असेल तर त्यात तुमची चूक नाही.

सगळंच गोड लागतं म्हणालात, तर तसं नाही हो. पहिल्या हिवाळ्यात मला इथून पळून जावंसं वाटायचं. डिसेंबरात जेमतेम सहा तास उजेड, वारा असा की गाडीचं दार हातातून सुटतं, आणि लोक चांगले असले तरी पटकन आत घेत नाहीत. कमिटीत वर्षानुवर्षं तीच माणसं, नवीन कोणी पुढे येत नाही म्हणून ती थकलेली. चर्चचं तर फारच कठीण आहे, पॅरिश हा शब्दच मुळात चर्चचा, पण 2022 च्या जनगणनेत स्कॉटलंडमधल्या 51 टक्के लोकांनी आपला धर्म ‘कुठलाच नाही’ असं लिहिलं आणि गावोगावची चर्चं बंद होतायत, विकली जातायत. पूर्वी रविवारी चर्चमध्ये एकमेकांची खबर लागायची, आता ती जागा हॉलवर येऊन पडलीये. शिवाय भांडणंही आहेत. शेटलंडच्या मधल्या भागात 103 पवनचक्क्यांचा प्रकल्प झाला, 2024 मध्ये सुरू झाला, त्यावरून इथे सख्ख्या भावांत अबोला आलेला मी बघितलाय. असे दोन भाऊ एकाच कार्यक्रमाला येतात, हॉलच्या दोन टोकांना बसतात आणि बोलत नाहीत. पण दोघंही येतात.

आणखी एक, तुम्ही म्हणालात हे सगळं टुरिस्टांसाठी. नोव्हेंबरात नॉर्थमेव्हिनला टुरिस्ट नसतो. हां, शेटलंड फोक फेस्टिव्हलला बाहेरची माणसं येतात, 1981 पासून चालू आहे ते, एप्रिलच्या शेवटी-मेच्या सुरुवातीला. पण ते पूर्ण स्वयंसेवकांवर चालतं, आणि कार्यक्रम फक्त लर्विकमध्ये, म्हणजे इथल्या मुख्य शहरात, न ठेवता लांबलांबच्या गावच्या हॉलमध्ये नेतात. वादक अ‍ॅबर्डीनहून रात्रभराच्या बोटीने येतात आणि बोटीतच वाजवायला बसतात. आपल्याकडे दिंडीत चालता चालता अभंग सुरू असतो ना, मला दरवेळी तेच आठवतं.

आता तुमची ती पेटीची ओळ. तुमच्या सप्ताहाची पंगत हजारोंची आहे, मी ती कमी लेखत नाही, माझं माहेरही तसल्याच गावचं आहे आणि काल्याच्या कीर्तनाला मी अजून फोनवरून हजेरी लावते. पण पंगत आहे आणि पेटीवाला नाही हे वाचून मला एशानेसचा तो चढ आठवला. इथे 2021 पासून सरकारी शाळांमध्ये वाद्य शिकायची फी रद्द झालीये, आपल्याकडे ते लगेच होणार नाही हे मलाही कळतं. पण तालुक्याहून जे येतात त्यांना वर्षातून सात दिवसांऐवजी आठवड्यातून एक दिवस बोलावता येईल का? पाच पोरं असली तरी चालेल. दुपारी शाळा सुटल्यावर देवळाच्या सभामंडपात. देवळाची जुनी पेटी असेलच, तिचा भाता फाटला असेल तर मिरजेला दुरुस्त होते. येण्याजाण्याचा आणि पेटीचा खर्च किती येईल ते त्यांना विचारून मला ईमेल करा, पहिल्या वर्षाचे पैसे मी पाठवते. पोरांची नावं तेवढी तुम्ही गोळा करा.