रँक वाया जाईल म्हणून

जून आला की महाराष्ट्रात घरोघरी तोच वाद सुरू होतो: ब्रँच की कॉलेज? पवईच्या आयआयटीत मेटलर्जी घ्यायची की एखाद्या नव्या आयआयटीत कॉम्प्युटर सायन्स? पुण्यात सीओईपीला मेकॅनिकल की पीआयसीटीला कॉम्प्युटर? परदेशात बसून या वादाला हसणारे पुष्कळ आहेत. मला तो वाद अजिबात खुळचट वाटत नाही. चार वर्षं कुठे आणि काय करत काढायची, हाच प्रश्न त्याच्या पोटात असतो.

घोळ होतो तो पुढे. जोसाचं, म्हणजे आयआयटी-एनआयटीच्या एकत्रित प्रवेशाचं, चॉइस फिलिंग करताना मागच्या वर्षीचे क्लोजिंग रँक (प्रवेश मिळालेला शेवटचा रँक) समोर ठेवून त्याच क्रमाने पर्याय भरले जातात. आपल्या मनातला खरा क्रम भरला तर काही नुकसान होत नाही. वरचा पर्याय मिळाला नाही तर खालचा पाहिला जातो, एवढंच. पण ज्या ब्रँचला 'त्याहून वरच्या' रँकची मुलं जातात ती सोडून आवडीची ब्रँच आधी लिहायची म्हटलं की घरातून आवाज येतो, "अरे, रँक वाया जाईल." जणू रँक म्हणजे खात्यातली रक्कम, ती शेवटच्या पैशापर्यंत खर्च व्हायलाच हवी.

हेच वाक्य सामानासोबत अमेरिकेतही येतं. इथल्या बड्या विद्यापीठांचे पदवी-प्रवेशाचे निकाल मार्चअखेरीस लागतात आणि साधारण १ मेपर्यंत एकाला होकार कळवायचा असतो. दोन-तीन प्रवेशपत्रं हातात असलेली मराठी मुलं थोडीच, पण त्यांच्या घरात एप्रिलभर चर्चा असते ती कुठल्या नावाला पुण्या-मुंबईत जास्त मान आहे याची. हार्वर्ड मिळालेलं असताना मुलगी ब्राउन म्हणाली, तर तिचं डोकं ठिकाणावर नाही असं धरलं जातं. इथले सल्लागार उलटं टोक गाठतात. ते 'फिट', म्हणजे ठिकाण आपल्याला मानवणं, असा गुळगुळीत शब्द वापरतात: आवारात फिरा, कसं वाटतं ते बघा. एप्रिलमध्ये, फुलं आलेली असताना आणि पाहुण्यांसाठी खास कार्यक्रम चालू असताना, सगळीकडे छानच वाटतं. शिवाय मुलाखतीला गेल्यासारखं चार आवारं फिरून यायला नाशिकच्या मुलाला आधी व्हिसा काढावा लागतो.

माझ्या मते एखादं ठिकाण आपल्याला मानवेल का, हे त्याच्या नियमावलीत लिहिलेलं असतं. राहायला कुठे मिळतं, जेवायला कोणाबरोबर बसता, मार्क कसे देतात, विषय बदलता येतो का आणि मागे पडलात तर काय होतं, या पाच गोष्टी शोधा.

राहण्यापासून सुरुवात करू, कारण आपल्याकडे हॉस्टेल म्हणजे रेक्टर आणि मेस एवढाच विचार होतो. येलमध्ये तुम्ही पोचण्याआधीच १४ निवासी कॉलेजांपैकी एक तुम्हाला लागलेलं असतं आणि चारही वर्षं तेच तुमचं राहतं. मैत्री जमो न जमो, जेवणाच्या हॉलमध्ये ओळखीचे चेहरे असतातच. हार्वर्डमध्ये पहिलं वर्ष सगळे यार्डात, म्हणजे मधल्या जुन्या आवारात, आणि आसपास राहतात, ॲनेनबर्ग नावाच्या एकाच हॉलमध्ये जेवतात. मग वसंतात जास्तीत जास्त आठ जणांचा गट करायचा आणि तो गट सोडतीने १२ हाउसपैकी (निवासी वसतिगृहांपैकी) एकात जातो. म्हणजे पहिल्या थंडीतच 'माझे लोक कोण' हे ठरवावं लागतं. बोलक्या मुलाला यात काही जड नाही. ज्याला माणसांत मिसळायला वर्ष लागतं, त्याला तो फेब्रुवारी फार जड जातो. प्रिन्स्टनची तऱ्हा आणखी वेगळी. तिथे तिसऱ्या आणि चौथ्या वर्षातली पुष्कळ मुलं प्रॉस्पेक्ट अॅव्हेन्यूवरच्या ईटिंग क्लबांत जेवतात. काही क्लबांत नाव नोंदवलं की प्रवेश मिळतो, काहींत 'बिकर' नावाची निवड होते आणि त्यात नकारही मिळतो. रोज कुठे जेवायचं यावर मित्रमंडळ ठरतं, हे आपल्याकडच्या पालकाला सांगूनही पटत नाही.

एमआयटीत वसतिगृहागणिक स्वभाव बदलतो आणि मुलं आपली पसंती कळवतात. रँडम हॉलसारख्या ठिकाणी जेवणाचा हॉल नाही, स्वतः रांधायचं. घरी शाकाहार काटेकोर असेल तर ही अडचण समजू नका, सोयच आहे: कुकर, मिसळणाचा डबा आणि शेजारी बघायला येणारे चार जण. बाकी बहुतेक ठिकाणी पहिल्या वर्षी मेसचे पैसे सक्तीचे असतात. नाताळच्या सुट्टीत हॉल बंद होतात आणि काही विद्यापीठांत खोलीही रिकामी करावी लागते. डिसेंबरच्या मध्यापासून तीन-चार आठवडे मूल कुठे राहणार, हा प्रश्न मे महिन्यातच विचारायला हवा, कारण तिकीट काढायची वेळ येते तेव्हा भाडी दुप्पट झालेली असतात.

मार्कांचं गणित सर्वांत कमी विचारलं जातं आणि सर्वांत जास्त छळतं. बारावीपर्यंत वर्गात पहिला येणारा मुलगा इथे पहिल्या गणिताच्या परीक्षेत वर्गाच्या मध्यावर असतो. कोचिंगमध्ये उत्तर काढायला शिकवलेलं असतं, इथे सिद्धता मागतात. कॅलटेकमध्ये तर कॅल्क्युलसच सिद्धतेच्या अंगाने येतं आणि ते सगळ्यांना घ्यावं लागतं, जीवशास्त्र करणाऱ्यालाही. म्हणूनच तिथे पहिल्या दोन टर्मना श्रेणी नसते, फक्त उत्तीर्ण-अनुत्तीर्ण. एमआयटीत पहिल्या सेमिस्टरला तसंच, आणि नापास झालेला विषय बाहेर देण्याच्या गुणपत्रकावर येतच नाही. ब्राउनने १९६९ पासून सक्तीच्या विषयांची यादीच काढून टाकली आहे. तिथे ए, बी, सी या श्रेणी असतात; सीच्या खाली गेलेला विषय बाहेरच्या गुणपत्रकावर दिसत नाही. एटीकेटीच्या धाकात वाढलेल्या घराला ही ढिलाई वाटते. ती ढिलाई नाही. न जमणाऱ्या विषयाला हात घालून पाहण्याची किंमत मुद्दाम कमी ठेवलेली आहे. पण ज्या मुलाला वेळापत्रक आखून दिल्याशिवाय काम होत नाही, त्याच्यासाठी ब्राउन हे धोक्याचं ठिकाण आहे, आणि हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवं. अशा मुलाने कोलंबियाकडे पाहावं. तिथल्या कोअरमधला, म्हणजे सगळ्यांना सक्तीच्या विषयांतला, समकालीन संस्कृतीचा अभ्यासक्रम १९१९ पासून चालू आहे. लहान वर्गात बसून प्लेटोपासून पुढचे ग्रंथ वाचायचे आणि बोलायचं. बोलायचं, यावर जोर. दहावीनंतर भाषा सुटली म्हणून सुटकेचा श्वास टाकणाऱ्याने दोनदा विचार करावा.

सेमिस्टर की क्वार्टर, हा फरक कोणी लक्षातच घेत नाही. स्टॅनफर्ड, शिकागो, डार्टमथ, कॅलटेक इथे क्वार्टर असते, म्हणजे सत्र साधारण दहा आठवड्यांचं. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पहिली चाचणी येते. एका आठवड्याच्या तापात सत्राचा दहावा भाग जातो. अनेक विषय चाखायला ही पद्धत उत्तम, सावकाश मुरणाऱ्या मुलाला वाईट.

आता आपल्या सवयींबद्दल थोडं कडवट. इंजिनिअरिंगच्या जर्नलची आणि सबमिशनची आपल्याकडची रीत सगळ्यांना ठाऊक आहे: एकाने लिहायचं, वर्गाने उतरवायचं, ओरलला परीक्षकानेही ते धरून चालायचं. इथे दर आठवड्याच्या गृहपाठावर, ज्याला पी-सेट म्हणतात, चर्चा करायला बहुतेक विषयांत मुभा असते. मात्र उत्तर स्वतःचं लिहायचं आणि कोणाशी चर्चा केली त्यांची नावं वर द्यायची. कॅलटेकमध्ये परीक्षेचा कागदही खोलीवर नेऊन, घड्याळ लावून, पुस्तक न उघडता सोडवायची परंपरा आहे. या विश्वासावर काही मुलं फुलतात, काहींना तो मोह झेपत नाही. निलंबन झालं तर परदेशी विद्यार्थ्याचा प्रश्न एका सत्रापुरता राहत नाही, एफ-१ या विद्यार्थी व्हिसाचा दर्जाच जातो.

आजारपणाचंही तेच. डॉक्टरांच्या कागदावर कमी विषय घेण्याची परवानगी परदेशी विद्यार्थी कार्यालय देऊ शकतं, एका पातळीच्या शिक्षणात एकूण बारा महिन्यांपर्यंत. पण पूर्ण रजा घेतली तर साधारणपणे देश सोडावा लागतो. परत येण्याच्या अटी विद्यापीठागणिक वेगळ्या. येलने आपले याबाबतचे नियम २०२३ मध्ये, याच प्रश्नावरचा खटला चालू असताना, बरेच सैल केले. तुमच्या यादीतल्या प्रत्येक ठिकाणची 'लीव्ह ऑफ ॲबसेन्स' (रजा) आणि 'रीइन्स्टेटमेंट' (परत प्रवेश) ही पानं आज वाचा. ती वाचायची वेळ येते तेव्हा वाचण्याची ताकद नसते.

"अमेरिकेत काय, कुठलाही विषय घेता येतो" हा गावाकडचा समज अर्धाच खरा. बर्कलीत २०२३ पासून कॉम्प्युटर सायन्सला थेट प्रवेश मिळाला नसेल तर आत गेल्यावर तिकडे वळणं फार अवघड आहे. कॉर्नेलमध्ये अर्जच एका विशिष्ट कॉलेजला करायचा असतो. म्हणजे ब्रँच की कॉलेज हा आपला वाद इथेही जिवंत आहे, फक्त हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटीसारख्या ठिकाणी तो सुटलेला आहे. (एमएसला येणाऱ्यांनी यातलं निम्मं सोडून द्यावं. दीड-दोन वर्षं, भाड्याचं घर आणि तीन रूममेट, त्यांची संस्कृती म्हणजे बहुधा जवळचं इंडियन ग्रोसरी.)

पैशांचं थोडक्यात. सगळा खर्च धरून वर्षाला ९० हजार डॉलरच्या आसपास जातो. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, डार्टमथ, ॲमहर्स्ट इथे परदेशी मुलाचा अर्ज पाहताना ऐपत पाहत नाहीत; स्टॅनफर्ड, कोलंबिया, कॅलटेकमध्ये पाहतात. स्टॅनफर्डसह अनेक ठिकाणी अर्ज करताना मदत मागितली नसेल तर पुढे चार वर्षं मागता येत नाही. मदतीच्या पत्रात तीन ओळी शोधा: कर्ज किती, सत्रात काम करून किती कमवावं अशी अपेक्षा आहे आणि भारतात ये-जा करण्याचा खर्च धरलाय का. सत्र चालू असताना आवारातलं काम आठवड्याला २० तासांपर्यंतच चालतं.

घरबसल्या हे सगळं कसं शोधायचं? बहुतेक विद्यापीठं 'कॉमन डेटा सेट' नावाचा तक्ता दरवर्षी देतात. त्याच्या आय विभागात वर्गांचे आकार असतात: दहाच्या आतले किती, शंभराच्या वरचे किती. एफ विभागात आवारात राहणाऱ्यांचं प्रमाण, बी विभागात किती जण पदवीपर्यंत पोचले, एच विभागात परदेशी मुलांना मिळालेली मदत. दोन विद्यापीठांचे तक्ते शेजारी ठेवून तासभर बसा. मग विद्यार्थ्यांचं वर्तमानपत्र उघडा: हार्वर्डचं क्रिमसन, एमआयटीचं द टेक, स्टॅनफर्ड डेली. एप्रिलचे अंक नकोत, नोव्हेंबर आणि फेब्रुवारीचे वाचा. मुलं कशावर चिडतात ते तिथे दिसतं. बॉस्टनला डिसेंबरात सव्वाचारला सूर्य मावळतो, त्याबद्दलची कुरकुरही दिसेल.

शेवटी तिथल्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याशी बोला. "कसं आहे कॉलेज?" विचारलं तर "मस्त" एवढंच उत्तर मिळेल. त्याऐवजी विचारा, "मागच्या मंगळवारी रात्री नऊला कुठे होतास, कोणाबरोबर?" "पहिल्या सप्टेंबरात किती क्लबांनी नकार दिला?" हार्वर्डमध्ये क्लबात शिरण्याच्या या सोपस्काराला 'कॉम्प' म्हणतात, आणि अभ्यासात कधी न हरलेली मुलं तिथे पहिल्यांदा हरतात. "गेल्या महिन्यात कुठल्या प्राध्यापकाशी वर्गाबाहेर बोललास?" तिसऱ्या प्रश्नाला शांतता पसरली, तर तेही उत्तरच.

होकार देताना घड्याळ बघा. मुदत १ मेच्या मध्यरात्रीची असेल तर बॉस्टनची ती मध्यरात्र म्हणजे आपल्याकडे २ मेचे सकाळचे साडेनऊ, कॅलिफोर्नियाची असेल तर दुपारचे साडेबारा. बँकेच्या सुट्टीमुळे कार्ड अडकतं, म्हणून दोन दिवस आधीच अनामत भरा. दोन ठिकाणी भरू नका, उघडकीला आलं तर दोन्ही प्रवेश रद्द होऊ शकतात. आणि बाकीच्यांना त्याच दिवशी दोन ओळींचा नकार पाठवा. वेटलिस्टवरचं कोणीतरी त्याच ओळींची वाट बघत असतं.