बिल्ला कानात, मालक भलताच

१ जून २०२४ पासून महाराष्ट्रात कानात बिल्ला नसलेलं जनावर विकता येत नाही, घेता येत नाही, बाजारात आणता येत नाही, सरकारी दवाखान्यात दाखवताही येत नाही. नियम चांगला आहे हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे "तुमचा प्रत्येक गोष्टीला विरोधच" म्हणणाऱ्यांची सोय झाली. २०२२ ला लम्पी या जनावरांच्या त्वचारोगानं बाजार बंद पाडले तेव्हा कुठलं जनावर कुठल्या गावातून, कुणाच्या दावणीवरून आलं याचा धड पत्ता लागत नव्हता. नंबर पाहिजेच. पण नियम काढणाऱ्यांनी अर्धंच काम केलं आणि उरलेलं अर्धं शेतकऱ्याच्या डोक्यावर टाकून दिलं.

बिल्ला म्हणजे पिवळं प्लॅस्टिक आणि त्यावर बारा आकडे. त्याला किंमत आहे ती भारत पशुधन प्रणालीत, म्हणजे जनावरांच्या सरकारी ऑनलाइन नोंदवहीत, त्या आकड्यांपुढं काय लिहिलंय त्याची. आणि काय लिहिलेलं सापडतं? देशी खिल्लार गाय 'संकरित'. चार वेतं झालेल्या म्हशीचं वय दीड वर्ष. मोबाईल नंबर मालकाचा नाहीच, बिल्ले मारायला आलेल्या पोराचा, कारण मालक रानात होता आणि घरात म्हातारीला नंबर पाठ नव्हता. मालकाचं नाव गावात हाक मारतात ते, आधारवरचं नाव वेगळंच. ही नोंद त्या दिवशी कुणी बघत नाही. बघायची वेळ येते ती जनावर विकताना नाहीतर मेल्यावर.

बिल्ला मारायचीही एक रीत आहे, तीसुद्धा पाळत नाहीत. कानाच्या मधोमध, दोन जाड शिरांच्या मधली पातळ जागा धरायची. कडेला मारला तर गव्हाणीच्या खिळ्यात, तारेत अडकून कान फाटतो आणि बिल्ला गायब. बुडाशी जाड कुर्चेत मारला तर दाबून बसतो, कान सुजतो, पू होतो. शीर फुटली तर रक्त. सुई आणि पक्कड एका गोठ्यातून दुसऱ्या गोठ्यात जाताना जंतुनाशकात बुडवायची असते. एवढ्या शंभर जनावरांत कोण बुडवतंय! आणि मग भर पावसाळ्यात मोहीम काढायची. ओली जखम, वर माश्या, चार दिवसांत कानात किडे. बिल्ला मारल्यावर आठवडाभर रोज कान उलटून बघा, माश्या पळवणारं मलम नाहीतर स्प्रे मारा, हे एक वाक्य सांगायला किती वेळ लागतो?

बिल्ला पडला तर पुढचा घोळ. नियमानं जुना नंबर सांगून बदली बिल्ल्याची नोंद करून घ्यायची, म्हणजे जुना सगळा इतिहास नव्या नंबराला जोडला जातो. होतं काय, तर नवा बिल्ला ठोकतात आणि जनावर नव्यानं नोंदवतात. एकाच गाईची दोन जनावरं झाली. जुन्या नंबरावर लाळ-खुरकूतच्या लसी, रेतनाच्या तारखा, सगळं अडकून पडलं. गाभ पाडणाऱ्या ब्रुसेला रोगाची लस तर कालवडीला चार ते आठ महिन्यांच्या वयात एकदाच देतात, नंतर द्यायची सोय नाही. ती नोंद हरवली की घेणाऱ्यानं विश्वास कशावर ठेवायचा? म्हणून बिल्ला मारला त्याच दिवशी जनावराचे स्पष्ट फोटो काढा, तोंडाचा, दोन्ही अंगांचा आणि आकडे वाचता येतील असा कानाचा. १९६२ फार्मर्स हे मोबाईल ॲप आहे, त्यात नोंद तपासा. चूक दिसली तर त्याच आठवड्यात दुरुस्त करून घ्या. नंतर 'सर्व्हर डाऊन' हे उत्तर ठरलेलंच.

आता खरा संताप. विक्री. कराडचा बाजार घ्या, आटपाडीचा घ्या, खरसुंडी, म्हसवड नाहीतर पुसेगावच्या यात्रेतला घ्या. सौदा अजून रुमालाखाली बोटं धरून होतो. दात बघितले, त्यावरून वय, म्हणजे आदत की दुसा की चौसा ते ठरलं, कासरा हातात दिला, पैसे मोजले, विषय संपला. नंबर मालकाच्या नावावरून उतरवून घेणाऱ्याच्या नावावर चढवायचा कुणी? जुनी मोटरसायकल विकली तर नावावर केल्याशिवाय आपण किल्ली देत नाही. ऐंशी हजाराची गाय मात्र कोऱ्या हातानं सोडून देतो.

ग्रामपंचायतीच्या विक्रीच्या दाखल्यावर बिल्ल्याचा नंबर लिहायचा, असं शासनाचंच म्हणणं आहे. बहुतेक दाखल्यांवर काय असतं? "तांबडी गाय, शिंगे मागे वळलेली, एक नग." नंबर नाही. मग मधला हेडी, म्हणजे जनावरांचा दलाल. तो एका गावातून उचलतो, दुसऱ्या बाजारात विकतो, तिथून तिसरा नेतो. या साखळीत हेड्याचं नाव नोंदीत कधीच येत नाही, त्याला नकोच असतं. तीन हात बदलून जनावर जतच्या पलीकडं पोचलं तरी कागदोपत्री ते अजून माण तालुक्यातल्या पहिल्या मालकाच्याच दावणीला उभं आहे. उद्या ते भलत्या गाडीत सापडलं तर चौकशी कुणाच्या दारात येणार?

आणि घेणाऱ्याचं तर वाटोळंच. वीज पडून, पुरात, विजेच्या धक्क्यानं किंवा बिबट्याच्या हल्ल्यात जनावर गेलं आणि बिल्ला नसेल तर भरपाई नाही, असं नियमातच आहे. दुभत्या गाई-म्हशीला नैसर्गिक आपत्तीत ३७,५०० रुपये मिळतात. शिराळा, कराड, पाटणच्या उसाच्या पट्ट्यात बिबट्यानं गाय मारली तर बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा ७०,००० यातली कमी असेल ती रक्कम. त्यासाठी ४८ तासांत वनखात्याला कळवायचं आणि पंचनामा होईपर्यंत मेलेलं जनावर जागचं हलवायचं नाही. हे सगळं केलं. पंचनाम्यात बिल्ल्याचा नंबर लिहिला. आणि त्या नंबरावर नाव कुणाचं? ज्याच्याकडून दोन वर्षांपूर्वी गाय घेतली त्याच्या व्याह्याचं. बसा आता प्रतिज्ञापत्रं करत.

वाहतुकीचंही तेच, पण तिथं सगळा दोष सरकारचा नाही. १९७८ च्या नियमानुसार एका मालवाहू गाडीत सहापेक्षा जास्त गाई-बैल नकोत, खाली पाय घसरू नये म्हणून काथ्या किंवा फळ्या हव्यात, जनावराचं तोंड इंजिनाकडं, सोबत एक माणूस आणि पशुवैद्यकाचा 'प्रवासाला योग्य' दाखला. पुढं केंद्रीय मोटार वाहन नियमांत गाई-म्हशीला दोन मीटर बाय एक मीटर जागा ठरली. पिकअपचा हौदा साधारण नऊ फूट बाय साडेपाच, म्हणजे दोन गाई. आपण कोंबतो चार, वर कडब्याच्या पेंढ्या. मग नाक्यावर अडवलं की बोंब मारतो. मात्र रस्त्यात कुणीही टोळकं येऊन कागद मागतं, तेही ध्यानात ठेवा: महाराष्ट्र प्राणी संरक्षण कायद्याखाली तपासणीचा अधिकार उपनिरीक्षक किंवा त्यावरच्या पोलीस अधिकाऱ्याला आहे, नाहीतर सरकारनं नेमलेल्या माणसाला. बाकीच्यांशी हुज्जत न घालता गाडी सरळ पोलीस ठाण्यात न्या. कागद पक्के असले की भ्यायचं कारण नाही, आणि कागदावरचा नंबर कानातल्या नंबराशी जुळला नाही तर मात्र खैर नाही.

मेंढरांचं तर विचारूच नका. माणदेशातला धनगर दिवाळीनंतर कोकणाकडं उतरतो, वाड्यात, म्हणजे त्याच्या फिरत्या कळपात, दोनशे-तीनशे मेंढरं, काटेरी बाभळीतून रोजची वाट. प्रत्येक मेंढराच्या कानात बिल्ला हवा आणि तो टिकायलाही हवा. ज्यानं हा नियम लिहिला त्यानं एक आठवडा वाड्याबरोबर चालून पडलेले बिल्ले गोळा करून दाखवावेत.

मागणी फार मोठी नाहीच. बाजाराच्या दारात एक टेबल, एक माणूस, चालणारं नेट. देणारा आणि घेणारा समोर उभे असताना, दोघांचे मोबाईल हातात असताना, पाच मिनिटांत नाव बदलायचं आणि मगच जनावर बाहेर सोडायचं. बाजाराची पावती त्याच दारात फाडतात ना? एका शिंगाची पावती चुकत नाही, रात्री आठला आलेल्या जनावराचीही नाही. तिथं शेजारी एक खुर्ची टाकायला म्हणे मनुष्यबळ नाही.