आठ तास झोपूनही थकवा असेल तर?

झोपेच्या तक्रारींवरच्या लेखात निद्रानाश आणि स्लीप ॲप्निया (झोपेत घसा बंद होऊन श्वास पुन्हा पुन्हा अडणं) एकाच दावणीला बांधून दोन्हींवर 'सात-आठ तास झोपा' हाच उतारा दिलाय, ते पटलं नाही. ॲप्नियावाला आठ तास झोपतोच की! आमचे भाऊजी आडवे झाले की घोरणं सुरू. मध्येच एकदम शांतता; छाती-पोट हलतंय, पण नाकातोंडातून हवा नाही. मग घुसमटून मोठा आचका, आणि पुन्हा तेच. सकाळी विचाराल तर "मस्त झोप लागली"! खरं काय ते ताईला ठाऊक. म्हणून डॉक्टरकडे जाताना घरचं माणूस सोबत हवंच.

अशा दर आचक्याआधी रक्तातला ऑक्सिजन उतरतो, नंतर बीपी उसळतं. रात्री खाली यायचं ते बीपी वरच राहतं. तीन-तीन गोळ्यांनाही बीपी दाद देत नसेल तर स्लीप स्टडी (झोपेत श्वास, ऑक्सिजन वगैरे मोजणारी तपासणी) सुचवतात ती त्यामुळेच. श्वासाचे अडथळे तासाला 30 किंवा जास्त असले की आजार तीव्र.

निद्रानाश समजून झोपेची गोळी किंवा 'एक पेग' घेणं तर ॲप्नियात घातकच. घशाचे स्नायू आणखी सैल पडतात.

आणि सीपॅप मशीनने (झोपेत मास्कमधून हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवणारं यंत्र) हार्ट ॲटॅक टळतो, हे लेखकाने जरा छातीठोकच लिहिलंय. रुग्णांवर सीपॅप वापरून पाहणाऱ्या 2016 च्या 'सेव्ह' चाचणीत तसं दिसलं नाही. अर्थात त्यातले रुग्ण रात्री सरासरी साडेतीन तासही मशीन लावत नव्हते! दिवसाची पेंग मात्र कमी झाली.