किती इंच, हे शेवटी विचारा

पिकअपला सस्पेन्शन लिफ्ट किट, म्हणजे स्प्रिंग-शॉक बदलून गाडी उंच करणारा संच, बसवायचे तर किती इंचांचे घ्यावे, यावरून काल कट्ट्यावर जुंपली. शेठ सहा इंचांवर ठाम होता, दादा चारावर तडजोड सुचवत होता आणि मिस्त्री इंचांचा आकडा ऐकूनच घ्यायला तयार नव्हता. मी मिस्त्रीच्या बाजूचा आहे आणि पुढचे सगळे त्याच बाजूने लिहिले आहे, हे वाचणाऱ्याने आधीच धरून चालावे.

शेठने मोबाइलवरचे छायाचित्र सर्वांच्या नाकासमोरून फिरवले आणि अशी गाडी रस्त्यावर आली की माणसे वळून पाहतात, असे तीनदा सांगितले. मिस्त्रीने छायाचित्राकडे न पाहता विचारले, "तुझ्या हौद्यात रोज वजन किती असते?"

"वजनाचा इथे काय संबंध?" शेठ म्हणाला.

"स्प्रिंग वजनासाठी असते, उंची तिच्या मागून येते. रिकाम्या हौद्यासाठी जड भाराचे पाटे, म्हणजे मागच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगा, घेतलेस, तर प्रत्येक खड्डा थेट तुझ्या मणक्यात उतरेल. कायम भार असताना हलके पाटे घेतलेस, तर विकत घेतलेली उंची माल भरताच बसून जाईल. म्हणून आधी वजन सांग, मग टायर सांग, आणि इंच शेवटी विचार."

दादाला यात खर्च वाचवण्याची वाट दिसली. सस्पेन्शनला हातच न लावता बॉडी लिफ्ट करावी, असे त्याने सुचवले. त्यावर मिस्त्री म्हणाला, "बॉडी लिफ्टमध्ये चासी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, आणि केबिन यांच्यामध्ये ठोकळे घालतात. चासी होती तिथेच राहते, एक्सलही होता तिथेच राहतो. दगड ज्या भागाला लागतो तो तसूभरही वर जात नाही. वर जाते ते फक्त तुझे आसन."

हा टोला दादाला लागला, पण मिस्त्रीने सस्पेन्शन लिफ्टचीही भलामण केली नाही. दोन्ही चाकांना जोडणारा अखंड एक्सल असेल तर त्याच्या मधल्या गिअरच्या गोळ्याखालची, म्हणजे डिफरन्शियलखालची, जागा लिफ्टने वाढत नाही, ती केवळ मोठ्या टायरने वाढते, हे त्याने सांगताच मास्तरांनी खिशातून पेन काढले. २६५/७० आर १७ मापाच्या जागी २८५/७० आर १७ मापाचा टायर घातला तर व्यास सुमारे २८ मिलिमीटरने वाढतो आणि एक्सल त्याच्या निम्म्याने, म्हणजे १४ मिलिमीटरने उचलला जातो, असा हिशेब त्यांनी मांडला. स्पीडोमीटर पूर्वी अचूक होता असे मानले, तर आता तो ताशी १०० किलोमीटर दाखवील तेव्हा गाडी प्रत्यक्षात ताशी साडेतीन किलोमीटरने अधिक वेगात असेल, ही पुस्तीही त्यांनी जोडली.

"मग लिफ्ट घालायचीच कशाला?" शेठने वैतागून विचारले. संध्याकाळभरात त्याने विचारलेला हा एकच खरा प्रश्न होता.

"मोठा टायर चाकाच्या कमानीला न घासता मावावा, चढावर आणि उतारावर गाडीची नाकशेपटी टेकू नये, आणि चासीचे पोट दगडावर बसू नये, म्हणून. यांतले तुला जे हवे असेल, त्याला पुरेल एवढीच उंची घ्यायची."

खरी खडाजंगी पुढच्या चाकांवरून झाली. शेठच्या गाडीला पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आहे, म्हणजे प्रत्येक चाक आपापल्या आर्मवर वेगळे हलते, आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बरच्या डोक्यावर ठोकळा बसवला की काम संपते, असे त्याला कोणीतरी सांगितले होते. ठोकळ्याने शॉकची लांबी वाढत नाही. चाक मात्र मूळ मर्यादेपेक्षा खाली लटकू लागते. मग चाक धरणारा वरचा आर्म स्प्रिंगला टेकू शकतो, आर्मच्या टोकाचा बॉल जॉइंट आपल्या कोनाच्या टोकाला जातो, आणि चाकाला फिरवणारा सीव्ही जॉइंट कायम वाकलेल्या अवस्थेत चालतो, त्यामुळे त्याची आणि त्याच्या रबरी बुटाची झीज वाढते. मिस्त्रीच्या मते दोन-अडीच इंचांपर्यंत ही भूमिती बहुतेक गाड्यांत सांभाळता येते. तेवढ्यासाठीसुद्धा अलाइनमेंट पुन्हा करावी लागते, आणि कॅस्टर, म्हणजे स्टिअरिंगच्या अक्षाचा पुढे-मागे कल, जागेवर आणण्यासाठी अनेकदा वरचे आर्म बदलावे लागतात. त्याच्या पुढे जायचे तर डिफरन्शियल खाली आणणारे ब्रॅकेट, नवी क्रॉस मेंबर (चासीची आडवी पट्टी) आणि लांब नकल (चाक ज्यावर बसते तो भाग), असा सगळा संच लागतो. "सहा इंचांचे किट घेतोस तेव्हा तू उंची विकत घेत नसतोस, गाडीचा पुढचा भाग नव्याने बांधत असतोस. त्या बांधकामाची तयारी असेल तर खुशाल घे. पण ठोकळ्यांवर सहा इंच मागशील, तर माझ्या दारात येऊ नकोस."

"मागे मात्र ठोकळे चालतात," शेठने सुटका शोधली.

येथे जुने प्रकरण उकरले गेले. मागच्या गाडीला शेठने पाट्यांखाली एकावर एक ठोकळे रचले होते आणि वरून पाटे एक्सलला बांधणारे जुनेच यू-बोल्ट आवळले होते. ते सगळे उतरवताना मिस्त्रीने जे शब्द वापरले ते मी येथे लिहू शकत नाही. वेग घेताना एक्सल स्वतःभोवती फिरू पाहतो आणि ठोकळा जितका उंच, तितका पाट्यांना पीळ देणारा दांडा लांब होतो. पाटे नागमोडी होतात आणि इंजिनाची ताकद मागे नेणारा प्रोपेलर शाफ्ट थरथरू लागतो. योग्य वाकाचे नवे पाटे, नवे यू-बोल्ट, त्या उंचीला जुळणारे लांब शॉक, आणि थोडे अंतर चालवल्यावर बोल्टांची पुन्हा आवळणी, हाच मागच्या बाजूचा सरळ मार्ग आहे. दादाने या संधीचा फायदा घेऊन शेठ नेहमीच अर्धवट काम करतो, असा शेरा मारला. चार दिवसांसाठी म्हणून हौद्यात टाकलेला इंजिनाचा ब्लॉक अजून कोणी उचलून नेलेला नाही, असे शेठने त्याला ऐकवले. दादा गप्प झाला.

ब्रेकचा विषय निघाला तेव्हा मिस्त्रीचा आवाज बदलला, आणि माझ्या मते सगळ्या चर्चेत हाच भाग सर्वांत मोलाचा होता. अनेक पिकअपमध्ये मागच्या एक्सलपासून चासीवरच्या एका झडपेपर्यंत दांडी गेलेली असते. भार पडून चासी खाली बसली की ती झडप मागच्या ब्रेकला अधिक दाब देते. लिफ्टने चासी वर गेली आणि दांडीचा ब्रॅकेट जुळवून घेतला नाही, तर भरलेली गाडीसुद्धा त्या झडपेला रिकामी वाटते आणि मागची चाके हवा तेवढा ब्रेक लावत नाहीत. "ब्रेकच्या नळ्या ताणल्या जात नाहीत ना, हे लोक निदान पाहतात. या दांडीकडे कोणी वाकूनही बघत नाही," मिस्त्री म्हणाला.

मास्तरांनी त्यात तोल जाण्याचे गणित घातले. चाकांमधले आडवे अंतर १५६ सेंटीमीटर आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून ७० सेंटीमीटरवर मानला, तर अंतराला उंचीच्या दुपटीने भागून १.११ येतात; गुरुत्वमध्य १० सेंटीमीटरने चढला की ०.९८ उरतात. वळणावर आडवा जोर वजनाच्या किती पट झाला की वळणाच्या आतल्या बाजूची चाके उचलली जातील, याचा तो ढोबळ आकडा आहे.

"मी वळणावर हळू जाईन," शेठ म्हणाला.

"वळण तू निवडशील," मिस्त्री म्हणाला, "पण समोर अचानक आडवे येणारे जनावर तुला विचारून येणार नाही."

वाहनात असा बदल करायला परवानगी लागते का आणि विमा टिकतो का, हे ज्याने त्याने खरेदीआधी तपासावे, एवढे बोलून मास्तरांनी तो मुद्दा संपवला. मग मिस्त्री टेप घेऊन उठला. चाकाच्या मध्यापासून कमानीच्या कडेपर्यंत चारही कोपरे सपाट जमिनीवर मोजल्याखेरीज किटचे नावसुद्धा काढू नये, कारण आहे ती उंची ठाऊक नसेल तर वाढवायची किती हे कळत नाही, असे त्याचे म्हणणे होते. पुढचे दोन्ही कोपरे सारखे भरले. मागचा डावा मात्र उजव्यापेक्षा स्पष्ट खाली होता, आणि त्याच्या नेमका वर, ताडपत्रीखाली, दादाचा ओतीव लोखंडी ब्लॉक होता.

"आधी हा उतरवा," मिस्त्री म्हणाला, "आणि मग पुन्हा मोजा."

दादाने उद्या नक्की नेतो असे सांगितले, तेव्हा मास्तरांसकट सगळे हसत सुटले. शेठ त्या गोंधळात सहा नाही तर निदान तीन इंच तरी घ्यावेत का, असे विचारत होता. पण मिस्त्री डाव्या पाट्यांना भेग गेली आहे का हे पाहायला आधीच गाडीखाली शिरला होता.