कठडे वर केले की आजोबा पडत नाहीत?

'आई-वडील ॲडमिट असतील तर हे वाचाच' असा एक मेसेज या महिन्यात मला चौथ्यांदा आला. त्यातलं सांगणं असं: पलंगाचे कठडे रात्रंदिवस वर ठेवा, पेशंटला खाली उतरू देऊ नका, रात्री झोपेची गोळी मागून घ्या, पडलेच तर लगेच उचलून पलंगावर निजवा, आणि पडले म्हणजे स्टाफचा निष्काळजीपणा, सोडू नका. मेडिसिन वॉर्डात सिस्टर म्हणून सत्तावीस वर्षं काढल्यावर हा मेसेज पुढे ढकलवत नाही.

कठडे ट्रॉलीवर हवेतच, भूल उतरत असतानाही हवेत. पण रात्री अडीचला लघवी लागलेले, तापात थोडे भ्रमलेले आजोबा कठडा पाहून थांबत नाहीत. ते त्यावर पाय टाकतात, नाहीतर पायथ्याच्या फटीतून सरकत उतरतात. साध्या पलंगावरून घसरले असते तर बसल्यासारखे आदळले असते. कठड्यावरून जातात ते उंचावरून, कधी डोक्यावर. शिवाय गजांत मान किंवा छाती अडकायची भीती. अमेरिकेत औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या एफडीए या सरकारी संस्थेकडे १९८५ ते २००८ या काळात अशा अडकण्याच्या ८०३ घटना नोंदल्या गेल्या, त्यांत ४८० माणसं दगावली. पलंग जितका खाली करता येईल तितका करा, चाकांचे ब्रेक पाहा आणि ती डगमगणारी लोखंडी पायरी वाटेतून काढा. एवढ्याचाच कठड्यांपेक्षा जास्त उपयोग होतो.

'खाली उतरू देऊ नका' हा सल्ला मला सगळ्यांत घातक वाटतो. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात धडधाकट वृद्धांना दहा दिवस अंथरुणावर ठेवलं, तर पायांतलं जवळजवळ एक किलो मांस झडलं. ती निरोगी माणसं होती. न्यूमोनियाच्या आजींचं काय होत असेल? मग डिस्चार्ज मिळतो आणि आजी घरच्या मोरीत पडतात.

आमच्या वॉर्डात पडणारी बहुतेक माणसं संडासच्या वाटेवर पडली. संध्याकाळी उशिरा लघवीची गोळी, मध्यरात्री घाई, आणि 'एवढ्यासाठी कुणाला उठवायचं' हा संकोच. पुरुषांना तर मावशींना हाक मारायची लाजच वाटते. त्यात पलंगाशेजारी सतरंजीवर मुलगा झोपलेला, त्याला ओलांडताना तोल जातो. म्हणून झोपण्याआधी एकदा नेऊन आणा आणि रात्री दोन-तीन तासांनी तुम्हीच विचारा. उठवताना आधी पाय खाली सोडून दोन मिनिटं बसवा. उभं राहिल्यावर वरचं बीपी २० किंवा त्याहून जास्त उतरत असेल तर डॉक्टरांना सांगा. चष्मा, कानाचं मशीन आणि मागे पट्टा असलेली चप्पल घरून आणा. नुसत्या सोयीसाठी कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, मागू नका. त्याने जंतुसंसर्ग होतो, आणि नळी पायात अडकून पडलेलेही मी पाहिलेत.

झोपेच्या गोळीबद्दल एवढंच: ती घेतलेला माणूसही लघवीला उठतोच, फक्त झोकांड्या खात. गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर मात्र परस्पर बंद करू नका.

पडल्यावर उचलू नका. घाबरलेले चार नातेवाईक काखेत हात घालून ओढतात, तेव्हा खुब्याचं मोडलेलं हाड आणखी सरकतं. आधी सिस्टरला हाक मारा. एक पाय आखूड आणि बाहेर वळलेला दिसला तर हलवूच नका. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल आणि डोकं आपटलं असेल, तर ते ठामपणे सांगा. मेंदूभोवतीचा रक्तस्राव कधी काही दिवसांनी, कधी आठवड्यांनी लक्षात येतो. मग साखर, बीपी, नवं औषध तपासायला हवं, कारण आजोबा 'उगीच' पडत नाहीत.

आता निष्काळजीपणा. असतो, नाकारत नाही; चाळीस पेशंटना रात्री दोन सिस्टर असल्या की व्हायचं ते होतं. पण उपकरणांनी ते भरून येत नाही. ऑस्ट्रेलियातल्या सहा रुग्णालयांच्या २४ वॉर्डांत धोक्याच्या पाट्या, अलार्म, खाली होणारे पलंग असं सगळं करून पाहिलं. २०१६ साली निकाल आला: पडणं कमी झालं नाही. बोस्टन आणि न्यूयॉर्कच्या १४ वॉर्डांत मात्र प्रत्येक पेशंटला काय लागतं, हे त्याच्या आणि घरच्यांच्या बरोबर बसून ठरवलं आणि पलंगाशी लावलं. तिथे पडणं १५ टक्क्यांनी आणि पडून होणाऱ्या दुखापती ३४ टक्क्यांनी घटल्या.

'सोडू नका'च्या धाकाने आम्ही काय करतो, तेही सांगते. आम्ही बांधतो. एका आजींचे हात मी स्वतः बँडेजने पलंगाला बांधले होते. सकाळी त्यांच्या मनगटांवर वळ होते, आणि मुलाने हात जोडून माझे आभार मानले, 'पडू दिलं नाहीत' म्हणून.